दगडाला पत्ता हवा

पत्र: नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावीपर्यंत शिकले, तेही कला शाखेतून. पिठाची गिरणी चालवते. माझा सहा वर्षांचा मुलगा दिवसभर दगड गोळा करतो. गेल्या महिन्यात शेजारच्या वावरात नवी विहीर खोदली. तिथून तो एक फुटका दगड घेऊन आला. बाहेरून काळा, आत पोकळीत पांढरे चमकणारे खडे. मला म्हणाला, "आई, यात खडीसाखर कुणी भरली?" मला सांगता आलं नाही. गल्लीतली आठ-नऊ लेकरं, पाच ते आठ वर्षांची, आता त्याच्यामागं दगड शोधत फिरतात. त्यांचं एक मंडळ करावं, रविवारी तासभर बसावं असं मनात आहे. पण घरचे म्हणतात, एवढ्याशा पोरांना काय कळणार? ओळखीचे एक गुरुजी म्हणाले, इथं सगळा एकच काळा दगड, बघायचं काय? आणि तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. माझ्या सासूबाईंच्या माहेरची माणसं किल्लारीच्या भूकंपात गेली. जमिनीचा विषय निघाला की त्या उठून आत जातात. लेकरं भूकंपाचं विचारणारच. मी काय करू?

ताई, सुरू करा. येत्या रविवारीच करा, आणखी काही जमवायची वाट बघू नका. खडीसाखरेचा प्रश्न तुमच्या घरात आधीच आलेला आहे. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, आणि इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला.

गुरुजींचं म्हणणं आधी घेते, कारण ते अर्धं बरोबर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. असं कितीतरी वेळा झालं. आजही महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचा काही भाग मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हाच दगड आहे. पुस्तकात त्याला बेसॉल्ट म्हणतात. पण तुम्ही गिरणीवाल्या आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको: एकाच ज्वारीची भाकरी होते, धपाटं होतं आणि आंबीलही होते. दगडाचंही तसंच. कसा थिजला, किती सावकाश थिजला, वर किती वर्षं ऊन-पाऊस खाल्ला, आतून कोणतं पाणी झिरपलं, यावर त्याचं रूप ठरतं.

हे मला कॉलेजच्या आधी वडिलांकडून कळलं. ते जालन्याकडे विहिरींवर सुरुंगाचं काम करायचे. भूशास्त्र हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नसेल, पण विहीर किती परस (म्हणजे किती पुरुष खोल) गेली आणि आता काय लागणार, हे ते दगडाच्या आवाजावरून सांगायचे. वर काळी माती, तिच्याखाली पांढरट चुनखडीची माती, मग मुरूम. मुरूम म्हणजे काळा दगडच, पण झिजून भुसभुशीत झालेला. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड. मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. आणि कधीकधी पाषाण संपल्यावर हातभर लाल गेरूसारखा थर, की त्याखाली पुन्हा मांजऱ्या. वडील म्हणायचे, "लाल लागलं, म्हणजे दुसरा मजला लागला." पुढे पुस्तकातून कळलं की ते शब्दशः खरं होतं. एक लाव्हा थिजला, बराच काळ उघडा राहिला, त्याच्या माथ्यावर माती तयार झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. गेरूचा थर म्हणजे दोन लाव्हांमधला मोकळा काळ.

भोकांचं कारण लेकरांना चुलीपाशी दाखवा. तव्यावर धिरडं टाकलं की त्याला जाळी पडते. आतली वाफ वर येते, पीठ घट्ट होतं आणि भोकं तशीच राहतात. लाव्हातही वायू असतात. ते वर चढतात, म्हणून थराच्या माथ्याकडे भोकं जास्त आणि पोटात घट्ट पाषाण. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं, की सहा वर्षांचं पोर भोकाभोकांचा दगड हातात घेऊन "हा वरचा आहे" असं आपणहून म्हणतं. मी हे होताना पाहिलंय.

आता तुमच्या शेजारच्या त्या विहिरीकडे या. लेकरांना काठावर न्यायचं नाही. कठडा नसलेल्या नव्या विहिरीच्या दहा पावलं जवळही नाही, आणि काम चालू असेल, दगड वर ओढणारी यारी फिरत असेल किंवा सुरुंग लागणार असतील तर त्या वावरातच जायचं नाही. तुम्हाला हवी ती गोष्ट लांब टाकलेली आहे: बाहेर काढलेल्या दगडांचा ढीग. त्यात एक गंमत आहे. विहिरीत सगळ्यात खाली जे होतं ते सगळ्यात शेवटी बाहेर आलं, म्हणजे ढिगात ते वर पडलं. आधी निघालेली माती आणि मुरूम तळाशी गाडले गेले. विहीर उलटी करून ठेवल्यासारखं. मालकाला विचारून, ढिगाच्या पायथ्याशी उभं राहून, लेकरांना एवढंच विचारा की यातला कुठला दगड सगळ्यात खोलातून आला असेल. वर चढू देऊ नका, दगड घसरतात. विहिरीच्या भिंतीचा फोटो तुम्ही स्वतः मोबाइलवर काढा, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पुन्हा एक काढा, आणि लेकरांना अंगणात बसून दाखवा. फोटोतला थर आणि हातातला दगड यांची जोडी लावणं, एवढ्यात दोन रविवार निघतील.

लहान वयाचा प्रश्न माझ्या दृष्टीने तिथेच मिटतो. पाच ते आठ हे वय दगडासाठी उलट फार चांगलं. या वयात हात आधी पोचतो आणि नाव मागून येतं. माझी एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत असंच मंडळ सुरू केलं होतं. पहिल्याच दिवशी फळ्यावर आग्नेय, स्तरित, रूपांतरित असं लिहिलं, पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि पुढच्या वेळी पाठ करून यायला सांगितलं. चौथ्या आठवड्यात तिघंच आली. त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं, तिने पाठवलं म्हणून आलेलं. तेव्हापासून माझा नियम आहे: नाव पोरांनी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आधी त्यांची नावं चालू द्या. धिरडं दगड, कांदा दगड, साखर दगड. त्यांनी ठेवलेल्या नावात निरीक्षण असतं. कांदा दगड तर तुम्हाला माळावर कुठेही दिसेल. गोल गोटा, आणि त्याचे पापुद्रे कांद्यासारखे एकाआत एक सुटलेले. दगड कोपऱ्यांकडून आधी झिजतो, म्हणून गोल होत जातो.

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वडील सुंदर दगड दिसला की घरी आणायचे. जांभळट, हिरवट, सुईसारख्या खड्यांचे, पंख्यासारखे उलगडलेले. पत्र्याची एक पेटी भरली होती. ते गेल्यानंतर मी ती उघडली. एमएस्सी झाले होते, प्रत्येक खनिजाचं नाव मला सांगता येत होतं. पण कोणता दगड कोणत्या गावचा, किती खोलीवरचा, मांजऱ्यातला की पाषाणाच्या फटीतला, हे एकाचंही कळायला मार्ग नव्हता. माहीत असलेला माणूस निघून गेला होता. पेटी अजून माझ्याकडे आहे. शोभेची आहे. अभ्यासाला तिचा उपयोग शून्य.

म्हणून तुमच्या मंडळाला एकच शिस्त लावा: पत्ता नसलेला दगड आत येणार नाही. प्रत्येक दगडावर व्हाइटनरचा छोटा ठिपका, त्यावर पेनने आकडा. वहीत तोच आकडा आणि पुढे चार गोष्टी. कुठे सापडला, कोणाला, कोणत्या दिवशी, आणि तिथे आजूबाजूला काय होतं. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं, तुम्ही खाली शब्द लिहा. "ओढ्याच्या वळणावर, मोठ्या बाभळीखाली, वाळूत अर्धा पुरलेला" हा उत्तम पत्ता आहे. "शेतात" हा पत्ता नाही. कुणाचं शेत, कुठला कोपरा, जमिनीवर की खड्ड्यात, असं विचारा. दोन महिन्यांनी लेकरं एकमेकांना विचारायला लागतील. दगड ठेवायला अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे पुरतात. एका खळग्यात एक दगड, म्हणजे तीस दगड झाले की ट्रे भरला. नवीन ठेवायचा तर जुना एखादा जिथून आणला तिथे परत नेऊन ठेवायचा. कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा, यावर लेकरं भांडतील. भांडू द्या, कारणं सांगत भांडली म्हणजे झालं.

कुठून उचलायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. बांधाचा दगड नाही, त्यावरून पुढे मोठ्या माणसांची भांडणं होतात. शेंदूर लावलेला नाही, म्हसोबाचा नाही, पिराचा नाही. किल्ल्याचा, लेण्याचा, जुन्या देवळाचा तुकडा कधीच नाही. हातोडी लेकरांच्या हातात द्यायची नाही. दगड फुटताना कपची डोळ्यात जाते. फोडायचाच असेल तर तुम्ही, पोत्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, पोरं लांब उभी करून. दगड आधी काठीने हलवायचा आणि त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडे निघतो. खडी क्रशर आणि दगडखाणी वर्ज्य. नदीत पाणी असेल तर काठावरूनच. दहा लेकरांमागे तुम्ही आणि आणखी एक मोठं माणूस हवंच, आणि मुलींना "उन्हात कुठं फिरतेस" म्हणून घरी बसवलं जात असेल तर त्यांच्या आयांना स्वतः जाऊन भेटा. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचे सकाळचे दिवस सगळ्यात चांगले.

तासभर करायचं काय, याची काळजी तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसते. घरात आहे तेवढ्यावर भागेल. काळ्या मातीत सापडणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या गाठी घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसतं. तेच काळ्या दगडावर पिळा, काही होत नाही. एक चकचकीत पांढरा खडा फसफसेल, दुसरा तसाच पांढरा असून गप्प बसेल. का, म्हणून लेकरं तुमच्याकडे बघतील. फसफसणारा चुन्याच्या जातीचा, एवढं सांगितलं तरी पुरे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटते. ते काळ्या दगडातून झिजून निघालेलं लोहखनिज. पारदर्शक बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते, बारीक गाळ मागून, आणि काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. दोन गारगोट्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर जोरात घासा. आपटू नका, घासा. क्षणभर आत उजेड दिसतो. हे दाखवायला मला आजही आवडतं.

पोळ्याला तुमच्याकडे लेकरं मातीचे बैल करतातच. काहींना निव्वळ काळ्या मातीचे करू द्या, काहींना तिच्यात राख किंवा बारीक वाळू मिसळून. वाळल्यावर निव्वळ काळ्या मातीच्या बैलांना तडे जातात, पाय निखळतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. शिवारात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यानेच. एक भेग निवडा. एप्रिलमध्ये तिच्यात ज्वारीचं ताट, म्हणजे वाळका धांडा, सोडून खोली बघा आणि ताटावर खूण करून ते जपून ठेवा. पाऊस पडल्यावर त्याच जागी जा. एकाच जागी वर्षभर पुन्हापुन्हा जाणं ही सवय मला दहा सहलींपेक्षा मोलाची वाटते.

काळ किती मोठा, हे सांगायला तुमच्यासारखी जागा कुणाकडे नाही. ज्वारीचा एक दाणा म्हणजे शंभर वर्षं, म्हणजे एका पणजीचं सगळं आयुष्य, असं धरा. शिवाजी महाराज चार दाण्यांच्या आत येतात. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, ते बारा-तेरा दाण्यांवर. आणि तो काळा दगड? ६ लाख ६० हजार दाणे. हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम धरलं तर हे सुमारे २० किलो होतात. गिरणीच्या काट्यावर २० किलो ज्वारी मोजून लेकरांच्या पुढ्यात ठेवा आणि शेजारी बशीत ते चार दाणे. जास्त बोलू नका. त्यांना हात घालू द्या.

गिरणीतल्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायला, कारागीर येईल त्या दिवशीही लेकरांना बोलवा. टाकी लावण्याआधी आणि नंतर बोटांनी चाचपू द्या. घरातला पाटा, खलबत्ता, जुनं जातं, ही सगळी तपासायला घ्या. भोकाभोकांच्या मांजऱ्याचा पाटा कुणी का करत नाही, हे त्यांनाच शोधू द्या.

डायनासोरचं विचारतील, हमखास. खरं सांगा: आपल्या काळ्या दगडात ती हाडं मिळणार नाहीत, तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला ती मिळाली, लाव्हाच्या खालच्या, त्याहून जुन्या गाळाच्या खडकात. पण लातूर जिल्ह्यातच मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तींचे जीवाश्म सापडलेले आहेत. ते डायनासोरच्या मानाने अगदी अलीकडचे, तरी दगड झालेले. नदीकाठी कधी हाडासारखं जड काही दिसलं तर उकरायचं नाही. फोटो काढायचा, जागेची खूण ठेवायची आणि जाणकाराला कळवायचं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथे भूवैज्ञानिक भेटतात. त्यांना वर्षातून एकदा गावात यायची विनंती करा. भाषण नको म्हणावं. लेकरांची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि लेकरांना प्रश्न विचारू द्या.

सहलीची घाई नको. पहिलं वर्ष गावातच जाऊ द्या. पुढे जमलं तर नळदुर्गचा किल्ला जवळ आहे. तिथे बोरी नदी, तिच्या बंधाऱ्याच्या भिंतीतला पाणीमहाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे एकाच दिवसात पाहून होतात. लेकरांना तटाच्या चिऱ्यांमध्ये भोकांचा दगड आणि घट्ट दगड वेगळे ओळखायला सांगा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात तर काळा दगड संपून गुलाबी-करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसेल, आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना. लोणारचं विवर बुलढाण्यात आहे, जालन्याहून जवळ पडतं. आकाशातून पडलेल्या उल्केने काळ्या दगडात पाडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघालं आणि दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. हे लेकरांपासून लपवू नका. मोठे शास्त्रज्ञही अजून मोजतायत, हे कळलं की त्यांना स्वतःचं उत्तर चुकण्याची भीती वाटत नाही. तिथला दगड मात्र उचलायचा नाही.

आता सासूबाई.

ताई, तुम्ही हा भाग पत्राच्या शेवटी लिहिलात, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना जमीन हा शब्द आपल्यासारखा ऐकू येत नाही. त्यांना मंडळात ओढू नका. आठवणी सांगा म्हणून बसवू नका. पहिल्या रविवारच्या आधी एकट्या गाठून सांगा की लेकरं दगड गोळा करणार आहेत, आपल्या अंगणात बसणार आहेत, तुम्हाला त्रास होत असेल तर मी देवळाच्या पारावर घेऊन जाईन. आणि त्या म्हणतील तसं करा. त्यांनी आत उठून जाणं हेही उत्तर आहे. लेकरांना म्हणावं, आजीला त्या दिवसाची आठवण फार होते, आपण हळू बोलू.

लेकरांनी विचारलं तर टाळू नका. न सांगितलेली गोष्ट त्यांच्या मनात फार मोठी होते. पण विचारलं तेवढंच सांगा. आपला सगळा देश ज्या मोठ्या खडकावर आहे तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि तिकडे हिमालयापाशी अडतो. तो रेटा आतल्या खडकांवर साठत जातो. एखाद्या जुन्या तड्यावर खडक झटकन सरकतो आणि जमीन हलते. कुणाच्या पापाने हलत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. गावागावात अजून ते बोललं जातं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना ते किती लागत असेल.

दुसरं, माणसं कशाने गेली ते सांगा. भिंतींनी गेली. गोट्यांच्या आणि चिखलाच्या जाड भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा आणखी एक थर. भिंत पोटातून फुटली आणि ते सगळं ओझं खाली आलं. लेकरांना दोन छोट्या भिंती रचायला द्या. एक नुसत्या गोल गोट्यांची, दुसरी चपट्या दगडांची, मधूनमधून आरपार लांब दगड घातलेली. परातीत ठेवून परात हलवा. कोणती आधी पडते ते बघतील. मग हादरा बसला तर काय करायचं तेही खेळासारखं करून घ्या. भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत. आत अडकलो तर भक्कम टेबलाखाली, डोकं झाकून. भीतीने घाबरलेल्या लेकराला हात-पाय हलवायला काहीतरी लागतं.

किल्लारी तुमच्याच तालुक्यात. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल बोअर घेतला. काळ्या दगडाचे थर ३३८ मीटर, त्याखाली ८ मीटर जुना गाळ, आणि त्याखाली सुमारे २५० कोटी वर्षांचा ग्रॅनाइटसारखा खडक. तुमच्या शेजारची विहीर पंधरा-वीस मीटर असेल. तशा सतरा ते तेवीस विहिरी एकाखाली एक लावल्या तर काळा दगड संपेल. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे तेव्हा दरवेळी मला वाटायचं, त्या मातीखाली काय आहे हे आपण तिने इतकं घेतल्यानंतर विचारलं. तुमची लेकरं आधी विचारतायत.

सासूबाई कधी आपणहून बोलल्या, जुनं घर कसं होतं, दगड कुठल्या ओढ्यातून गाडीने आणले होते, तर ऐका. वहीत लिहायचं का, हे त्यांनाच विचारून.

राहिली खडीसाखर. तो दगड मी पाहिलेला नाही, पण काय झालं असेल ते सांगते. लाव्हा थिजला, वायूची भोकं रिकामी राहिली. मग दगडातून ऊन पाणी झिरपत राहिलं, वाटेतले क्षार विरघळवून घेऊन. ते भोकाच्या भिंतीवर थोडं थोडं साठत गेलं आणि खडे वाढले. बोअरचं पाणी तापवलेल्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तो लेकरांना दाखवा. आणि दुकानातली दोऱ्यावर चढलेली खडीसाखर शेजारी ठेवा. तीही पाकातून अशीच सावकाश वाढलेली असते. तुमचा मुलगा फार चुकलेला नाही.

नाव हवंच असेल तर तिघांपैकी एक असण्याची शक्यता जास्त. एक बारीक खडा जुन्या काचेच्या बाटलीवर तुम्ही स्वतः घासा. काचेवर ठळक ओरखडा उठला तर गारगोटीच्या जातीचा, क्वार्ट्झ. ओरखडा नाही उठला तर लिंबू पिळा. फसफसलं तर कॅल्साइट. दोन्ही नाही झालं, आणि खडे पंख्यासारखे किंवा सुयांसारखे उलगडलेले असले, तर बहुधा झिओलाइट. जालना, छत्रपती संभाजीनगरकडच्या दगडातली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत, आणि आपल्याकडची बघायची तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे.

पण तपासणीच्या आधी त्याला घेऊन त्या ढिगापाशी जा. कुठे उचलला होतास, वर की पायथ्याशी, विहिरीच्या कोणत्या बाजूला, आसपासचे दगड भोकांचे होते का, असं विचारा. विहीरमालकाकडून समजून घ्या तो थर किती परसावर लागला. मग वही उघडून पहिल्या पानावर आकडा घाला: १.